सत्तावीस मिलिमीटर

माझ्या सासऱ्यांच्या घरात प्रत्येक गोष्टीची फाइल होती. पाण्याच्या टाकीची, स्कूटरची, कॉलनीतल्या नाल्याची, कुत्र्याची. कुत्रा मेला तेव्हा त्याच्या फाइलवर त्यांनी ‘नस्ती बंद’ असं लाल पेन्सिलीनं लिहिलं, खाली सही केली आणि ती माळ्यावर टाकली. लग्न होऊन मी कोलार रोडच्या त्या घरात आले, त्यानंतर दोन आठवड्यांत माझीही फाइल उघडली गेली. रक्तगट, आधार कार्डाची प्रत, दातांच्या डॉक्टरची जुनी चिठ्ठी. मला तेव्हा त्यात माया दिसली होती. असेलही.

सासरे सिंचन विभागातून अधीक्षण यंत्री म्हणून निवृत्त झाले होते. त्यांचे वडील राजधानी भोपाळला आली तेव्हा नागपूरहून सरकारी कपाटांबरोबर इकडे आले. त्यातली काही कपाटं परत करायची राहून गेली असावीत, असं सासऱ्यांकडे बघून वाटायचं. भोपाळमधल्या एका मराठी मंडळाचे ते अध्यक्ष होते. सलग अकरा वर्षं, बिनविरोध, कारण विरोध करायला बैठकीला शेवटपर्यंत बसावं लागलं असतं.

मी महाराणा प्रताप नगरमधल्या एका कोचिंग क्लासच्या प्रकाशन विभागात काम करते. सराव परीक्षांच्या उत्तरसूच्या तपासते. एकाच प्रश्नाला एका शिक्षकानं ‘ब’ उत्तर दिलं आणि दुसऱ्यानं ‘ड’, तर तो प्रश्न पहिल्यापासून सोडवून बघायचा, हे माझं काम. हे आधीच सांगून ठेवते. पुढे जे झालं त्यात अडाणीपणाची सबब मला तरी लागू होत नाही.

पहिल्या खेपेला मला विसावा आठवडा चालू होता. माझ्या डॉक्टरीण बाई कोलार रोडवरच, एका स्टेशनरीच्या दुकानाच्या वर, दोन खोल्यांत बसायच्या. बाहेर लाकडी बाक, भिंतीवर गर्भलिंग सांगत नसल्याची सरकारी पाटी, आत एक जुनं सोनोग्राफीचं यंत्र, त्याच्या एका बटणावर चिकटपट्टी. बाई कमी बोलायच्या. त्यामुळे त्यांची प्रॅक्टिस वाढत नव्हती.

मी सवयीनं बाटलीभर पाणी पिऊन गेले होते. त्या म्हणाल्या, “पहले बाथरूम होकर आइए. पूरा खाली करके.”

“पोटावरून बघायला पिशवी भरलेली लागते ना?”

“पोटावरून बघून झालं गेल्या आठवड्यात. आज आतून मोजायचंय.” त्या हिंदीत बोलायच्या, मी त्यांचं मराठीत लिहिते आहे. “लघवीची पिशवी भरली, की ती खालच्या भागाला दाबते. मग गर्भाशयाचं तोंड असतं त्यापेक्षा लांब दिसतं. आपली आपणच फसवणूक.”

बाळ पुरतं वाढेपर्यंत गर्भाशयाचं तोंड लांब आणि घट्ट मिटलेलं राहायला हवं. ते मध्येच आखूड व्हायला लागलं, तर बाळ वेळेआधी येण्याचा धोका वाढतो. हे मोजमाप त्यासाठी. बाईंनी तीन वेळा मोजलं. मध्ये थांबून, मला श्वास घ्यायला लावून, पुन्हा. वीस. एकोणीस. अठरा. कागदावर त्यांनी अठरा लिहिलं.

“पंचवीसच्या खाली आलं, की आम्ही सावध होतो,” त्या म्हणाल्या.

“मग तिन्हीतलं सगळ्यात कमी का लिहिलं?”

“जरा हात दाबला गेला तरी ते लांब दिसतं. चूक होते ती लांबीच्या बाजूनं होते. म्हणून सगळ्यात लहान ते खरं.”

“म्हणजे बाळ लवकर येणार?”

“ते मला सांगता येत नाही. अठरा असूनही बऱ्याच जणी नऊ महिने पूर्ण करतात. काही जणी करत नाहीत. तुम्ही कुठल्या, ते यंत्रात दिसत नाही. म्हणून औषध घ्यायचं, आणि दहा दिवसांनी पुन्हा मोजायचं. आणखी कमी झालं तर टाका घालू.”

औषध म्हणजे कॅप्सूल, रोज झोपताना आत ठेवायच्या. लांबचा प्रवास नको, वजन उचलायचं नाही. बाकी सगळं नेहमीसारखं. चार ओळींचा कागद घेऊन मी घरी आले. त्यावर शिक्का जरा वाकडा पडला होता, आणि सासऱ्यांच्या नजरेत पहिलं भरलं ते हेच.

त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर बैठक झाली. आमच्या घरात बैठकच होत असे, गप्पा नव्हे.

“आमच्या वेळी मापं फक्त शिंपी घ्यायचा,” सासूबाई म्हणाल्या. “दोन बाळंतपणं झाली माझी. कोणी आत घालून मोजलं नाही. हिचंच काय ते नाजूक!”

“तू थांब जरा,” सासरे म्हणाले. चष्मा कपाळावर, कागद डोळ्यांजवळ. “सूनबाई, तीन रीडिंग घेतली म्हणतेस?”

“हो बाबा. वीस, एकोणीस, अठरा.”

“मग मीन कुठे आहे, सरासरी? तीन रीडिंग घ्यायची आणि सगळ्यात लहान लिहायचं, हे कुठलं शास्त्र? मी असं केलं असतं तर मध्य प्रदेशात एक कालवा झाला नसता.”

मी बाईंचं कारण सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं. कनिष्ठ अभियंत्याचं ऐकून घ्यावं तसं.

“सेकंड ओपिनियन लेने में क्या जाता है,” माझा नवरा म्हणाला आणि मोबाइल घेऊन उठला. घरात दोन मतं पडली, की तिसऱ्या खोलीत जायचं, ही त्याची लहानपणापासूनची सवय.

दुसरं मत घ्यायला आम्ही चौघं मोटारीनं एका नव्या केंद्रात गेलो. नाव सांगत नाही. पाटीवर ते तीन रंगांत लिहिलेलं होतं. आत कारंजं होतं. स्वागतकक्षात एका काचेच्या पेटीत, निळ्या मखमलीवर, उद्घाटनाला वापरलेली कात्री ठेवली होती. तिच्याखाली फीत कापणाऱ्या पाहुण्यांचं नाव कोरलेलं. कात्री किती धारदार आहे याची नोंद नव्हती. यंत्र इतकं नवं, की त्यावरचं कुंकवाचं स्वस्तिक अजून ओलसर वाटत होतं. सासरे त्याच्याभोवती एक फेरी मारून आले. मंदिर सोडून त्यांना प्रदक्षिणा घालताना मी तेव्हाच पाहिलं.

“मॅडम, पानी पिया आपने?” काउंटरवरच्या मुलीनं विचारलं. “फुल ब्लैडर चाहिए.”

आता ऐका. बाईंचं वाक्य माझ्या कानात होतं. पिशवी भरली, की तोंड लांब दिसतं. मला एवढंच म्हणायचं होतं, की मला आतून मोजून हवंय, पिशवी रिकामी करून. सात-आठ शब्द. सासूबाईंनी बाटलीचं झाकण उघडून माझ्यापुढे धरलं आणि मी प्यायले. एक पूर्ण बाटली, मग अर्धी आणखी. मला तहान नव्हती. मला मोठा आकडा हवा होता.

तिथल्या डॉक्टरांनी पोटावर यंत्र फिरवलं, एकदाच मोजलं, आणि फोनवर कोणाला तरी ‘हो, पोचतोच’ म्हणत म्हणत सांगितलं, “छत्तीस. एकदम बढ़िया.” अहवाल गुळगुळीत फोल्डरमध्ये मिळाला, वर गोऱ्या, निळ्या डोळ्यांच्या बाळाचा फोटो. मी तो छातीशी धरून बाहेर आले. सासूबाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. लग्नानंतर पहिल्यांदाच.

रात्री जेवणं झाल्यावर सासऱ्यांनी माझी फाइल काढली. सरकारी पद्धतीनं डाव्या बाजूला समास आखलेलं पान घेतलं आणि टिप्पणी लिहिली. ती मला अजून पाठ आहे. पहिला अहवाल, अठरा. दुसरा अहवाल, छत्तीस. बेरीज चौपन्न. सरासरी सत्तावीस. किमान आवश्यक पंचवीस. सबब स्थिती समाधानकारक. खाली सही, तारीख, आणि ‘अवलोकनार्थ’ असं लिहून त्याखाली तिघांसाठी तीन रेघा.

सासूबाईंनी सही केली. त्यांनी आयुष्यभर त्यांच्या कागदांवर सह्याच केल्या होत्या. नवऱ्यानं उभ्या उभ्या केली. मग पान माझ्यापुढे आलं.

‘ब’ आणि ‘ड’ अशी दोन उत्तरं आली म्हणून आम्ही मधलं ‘क’ छापत नाही. हे वाक्य त्या वेळी जिभेवर यायला हवं होतं. ते मला पाच आठवडे उशिरा सुचलं. त्या रात्री मी पेन घेतलं आणि सही केली. अक्षर चांगलं आलं होतं.

त्यानंतर सगळं सोपं झालं. बाळंतपणाचं नाव त्या केंद्राला जोडलेल्या रुग्णालयात घातलं. तिथल्या मोठ्या डॉक्टरांना सासऱ्यांनी फक्त गुळगुळीत फोल्डर दाखवलं.

“पहिला रिपोर्ट?” मी बाहेर आल्यावर विचारलं.

“उगाच दोन डॉक्टरांत भांडण कशाला लावायचं, बेटा? आणि सत्तावीस आहे ना आपल्याकडे.”

कॅप्सूल मी चार दिवस घेतल्या होत्या. त्यानं अंगावरून जायचं, चिकट वाटायचं, आणि सासूबाई बाथरूमच्या बाहेरून विचारायच्या, “झालं का गं औषधपाणी?” पाचव्या दिवशी मी ते पाकीट टूथपेस्टच्या मागे सरकवून ठेवलं. दहाव्या दिवशी बाईंच्या दवाखान्यातून फोन आला, मी उचलला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. मी म्हणाले, “हम लोग बाहर गए हैं.” मी तेव्हा स्वयंपाकघरात मेथी निवडत होते.

मंडळाचा गणेशोत्सव जवळ आला. सासऱ्यांच्या डोक्यात आलं, की मंडप उभा आहे, माइक आहे, भांडी आहेत, माणसं जमलेलीच आहेत, तर सुनेचं डोहाळजेवण त्यातच उरकावं. सातवा लागायला अजून अवकाश होता. सासूबाईंनी तशी शंका काढली.

“गणपतीनंतर पितृपक्ष. पितृपक्षात करणार आहेस का?” सासरे म्हणाले. “पंचविसावा आठवडा म्हणजे राउंड फिगरमध्ये सातवाच.”

आकडा गोल करायला त्यांना फार आवडायचं.

त्या दिवशी सकाळपासून माझी कंबर भरून आली होती. पोटात खाली काहीतरी बसल्यासारखं वाटत होतं. मी सासूबाईंना सांगितलं.

“आज तुला करायचं काय आहे? बसायचंच तर आहे.”

बसायची सोय चांगली होती. मंडपात गणपतीच्या डाव्या हाताला झोपाळा, झेंडूच्या माळा, मागे पुठ्ठ्याचा चंद्र. मला फुलांचे दागिने घातले, हातात थर्मोकोलचं धनुष्य दिलं. दीडेकशे बायका आणि त्यांचे नवरे खुर्च्यांवर होते. डोहाळजेवणाला प्रमुख पाहुणा असतो हे मला त्या दिवशी कळलं. ते एक निवृत्त उपसचिव होते. ते मातृत्वावर बोलणार होते आणि बोलले. चाळीस मिनिटं. मातृत्व म्हणजे त्याग, मातृत्व म्हणजे संयम, मातृत्व म्हणजे आपल्या संस्कृतीचा कणा. समोर झोपाळ्यावर माता बसली होती आणि तिला बाथरूमला जायचं होतं. मी सासूबाईंना खूण केली. त्यांनी डोळ्यांनी सांगितलं, पाहुणे बोलताहेत.

मग वाट्या आल्या. दोन वाट्या, वर रुमाल; एकीत पेढा, दुसरीत बर्फी. पेढा निघाला तर मुलगा. मी हात घातला, पेढा निघाला, मंडप टाळ्यांनी भरून गेला. सासऱ्यांनी माइक घेतला. “अहवाल प्राप्त झाला आहे,” ते म्हणाले. लोक खूप हसले. यंत्राच्या आकड्यावर ज्यांनी हिशेब मागितला होता, त्यांनी पेढ्याबद्दल काहीही विचारलं नाही.

फोटोग्राफर म्हणाला, “भाभीजी, धनुष जरा ऊपर.” मी हात वर केला आणि माझ्याखालचा पाट ओला झाला. आधी मला वाटलं, बाथरूमला जाऊ दिलं नाही म्हणून. लाज वाटली. धनुष्य खाली घेऊन मी मांडीवर धरलं. मग कळ आली, आणि ती बाथरूमची नव्हती.

मोटारीत सासरे पुढे बसले, मांडीवर फाइल. एवढ्या धावपळीत त्यांनी घरापाशी गाडी थांबवून ती आणली होती.

रुग्णालयात मोठ्या डॉक्टरांनी मला तपासलं, नर्सला दोन इंजेक्शनं सांगितली आणि फाइल उघडली. मी खाटेवर होते, सासरे खाटेपाशी उभे. डॉक्टर पानं उलटत थांबले.

“ये अठारह कब का है?”

“बीसवें हफ़्ते का.”

“मुझे क्यों नहीं दिखाया?”

“साहब, औसत सत्ताईस आ रहा था,” सासरे म्हणाले.

डॉक्टरांनी टिप्पणीचं पान पाहिलं. वरपासून खालपर्यंत, मग पुन्हा. चार सह्या. “ये किसने लिखा है?”

“मैंने.” आवाजात थोडी ऐट होती. सवयीची. ती त्यांना आवरता आली नाही.

डॉक्टरांनी फाइल मिटून परत दिली. छत्तीस त्यांच्याच केंद्रात निघालं होतं. तेही काय बोलणार होते.

मुलगी झाली. सातशे चाळीस ग्रॅम. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. केंद्रातली कात्री ठेवली होती ती पेटी ह्याहून मोठी होती. तिची बोटं काड्यापेटीतल्या काडीएवढी होती, आणि पायाच्या तळव्याला आरपार उजेड दिसायचा. मला रोज दोनदा आत जाऊन बघता यायचं. हात लावायची परवानगी एकदाच मिळाली. ती सहा दिवस जगली.

त्या सहा दिवसांत सासऱ्यांनी आलेखाचा कागद आणला. रोज सकाळी नर्सला वजन विचारायचं, ठिपका काढायचा, आदल्या ठिपक्याला पट्टीनं जोडायचा. सातशे चाळीस, सातशे पंधरा, सातशे, सहाशे नव्वद. मग एक दिवस सहाशे पंच्याण्णव झालं. तो ठिपका दाखवायला ते वॉर्डात माझ्या खाटेपर्यंत आले. “ट्रेंड बदलतोय,” म्हणाले. सहाव्या दिवसाचा ठिपका नव्हता. रेघ मध्येच थांबली होती.

डॉक्टरांना मी एकच प्रश्न विचारला. ती औषधं घेतली असती, पुन्हा मोजलं असतं, तर?

“सांगता येत नाही,” ते म्हणाले. “कदाचित टळलं असतं. कदाचित नसतं टळलं.”

हे खरं होतं. पण त्या तीन शब्दांत आमचं सगळं घर राहायला गेलं. सासरे भेटायला येणाऱ्यांना सांगत, “डॉक्टर स्वतः म्हणाले, सांगता येत नाही.” सासूबाई म्हणत, “काय सांगावं, झोपाळ्याचा हिसका बसला असेल.” नवरा तिसऱ्या खोलीत. मीही त्या तीन शब्दांत काही दिवस राहून पाहिलं. मला तिथे झोप लागली नाही.

मंडळाच्या बायका येऊन गेल्या. एक म्हणाली, “पण वाटीत तर पेढा होता!” जणू मुलीनंच काही गैरप्रकार केला होता. दुसरी माझा हात हातात घेऊन, अगदी मनापासून म्हणाली, “त्यातल्या त्यात बरं म्हणायचं. मुलगी होती.” सासूबाईंनी तिला चहा दिला. मीही तिला बिस्किटांची बशी पुढे केली.

दीड वर्षानं मला पुन्हा दिवस गेले. ह्या वेळी मी कोणाला विचारलं नाही. स्टेशनरीच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत गेले. यंत्र तेच होतं, चिकटपट्टी नवी. बाईंनी मला ओळखलं.

“पिछली बार आप दोबारा आईं नहीं,” त्या म्हणाल्या. मी जे झालं ते सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं, माझ्याकडे न बघता. “सोळाव्या आठवड्यापासून मोजायला लागू. औषध आतापासूनच. जुने कागद सगळे घेऊन या.”

कागद फाइलमध्ये होते, फाइल सासऱ्यांकडे. सोळावा आठवडा लागला तशी मी मागितली.

“उद्या देतो,” ते म्हणाले.

“कागद काढून फक्त द्यायचेत, बाबा.”

“उद्या.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी फाइल दिली आणि लगेच बागेत पाणी घालायला गेले. दवाखान्याच्या बाकावर बसून मी ती उघडली. अठराचा कागद, वाकड्या शिक्क्यासकट. छत्तीसचं फोल्डर. मुलीच्या जन्माचा दाखला, त्यामागे दुसरा दाखला. आलेख. टिप्पणीचं पान नव्हतं. नुसतं फाडलेलं नव्हतं. त्यापुढच्या प्रत्येक पानावरचा जुना क्रमांक एका रेघेनं खोडून शेजारी नवा लिहिला होता, आणि प्रत्येक दुरुस्तीपाशी नियमाप्रमाणे छोटी सही. सतरा पानं, सतरा सह्या. पुरावा नष्ट करतानाही माणसानं कार्यपद्धती सोडली नव्हती. मला हसू आलं. बाकावरच्या बाईनं सरकून जागा जास्त दिली.

आत गेल्यावर मी न सांगता आधी बाथरूमला जाऊन आले. बाईंनी तीन वेळा मोजलं. छत्तीस, पस्तीस, चौतीस. कागदावर चौतीस.

“चांगलं आहे,” त्या म्हणाल्या. “आत्तापुरतं.”

घरी आले तेव्हा सासरे फाटकाशी उभे होते. हातात पाण्याचा पाइप, पाणी बंद.

“किती?” त्यांनी विचारलं.

रस्त्यात मी काही ठरवलं नव्हतं. असं म्हणायची पद्धत आहे. पण मी उत्तरसूच्या तपासते, खोटं छापणार नाही. रिक्षात बसल्यापासून मी ठरवत आले होते.

“अठरा,” मी म्हणाले.

त्यांनी फाटकाचा गज धरला. किती रीडिंग घेतली, हे विचारलं नाही. मीन विचारलं नाही. नुसतं म्हणाले, “आत चल. सावकाश.”

नवऱ्याला मी खरं सांगितलं आणि गप्प राहायला सांगितलं. तिसऱ्या खोलीत जायची त्याची सवय पहिल्यांदा माझ्या कामी आली.

दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी माझ्या पलंगाच्या पायथ्याखाली विटा लावल्या. जुन्या काळी असं करत, पाय उंच आणि डोकं खाली. बाईंनी असलं काही सांगितलं नव्हतं, आणि त्यांना फोन केला असता तर असल्यानं काही होत नाही हेही कळलं असतं. पण फोन करायचं धाडस सासऱ्यांना होत नव्हतं. दोन्ही बाजूंना दोन-दोन विटा, वर गवंडी वापरतो ती स्पिरिट लेव्हल ठेवून बुडबुडा मध्यावर आहे की नाही ते पाहायचं. रोज सकाळी ते गुडघे धरत खाली वाकायचे, बुडबुडा तपासायचे, धाप लागून उठायचे. “काही दुखतंय का, बेटा?” मंडळाची बैठक त्यांनी सोडली. अकरा वर्षांत पहिल्यांदा. जेवण निम्मं झालं. सासूबाई मला काही बोलायला लागल्या, की ते त्यांना, “एक शब्द नको,” म्हणायचे. एकदा बाथरूमच्या दाराशी येऊन त्यांनी विचारलं, “सूनबाई, औषध ठेवलंस का?” आणि स्वतःच ओशाळून निघून गेले.

मला हे सगळं बघवत नव्हतं, असं लिहिलं तर बरं दिसेल. मला बघवत होतं. मी आठ दिवस पाहिलं.

आठव्या संध्याकाळी ते जेवणाच्या टेबलाशी बसले होते. पुढे समास आखलेलं कोरं पान. त्यावर एकच आकडा: १८. खाली काही नाही. मी पाणी प्यायला आले तेव्हा त्यांनी मान वर केली.

“ह्याखाली काय लिहू?” त्यांनी विचारलं. थट्टा नव्हती. त्यांना खरंच सुचत नव्हतं.

मी खोलीत जाऊन खरा कागद आणला आणि त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो वाचला. तारीख पाहिली, पुन्हा वाचला.

“मग अठरा?”

“ते जुनं. तुम्ही पान काढून टाकलंत, म्हणून म्हटलं, आठवण राहावी.”

ते बराच वेळ कागदाची कड अंगठ्यानं सपाट करत राहिले. रागावतील असं मला वाटलं होतं. त्याची उत्तरं मी तयार ठेवली होती, दीड वर्षांत चांगली घासूनपुसून. ते रागावले नाहीत.

“फाइल त्या डॉक्टरीण बाई बघणार होत्या,” ते म्हणाले. “त्या पानावर तुझीही सही होती, बेटा.”

हे खरं, की त्यांच्या सोयीचं, मला आजतागायत ठरवता आलेलं नाही. हा प्रश्न मी पहिल्यापासून पुष्कळदा सोडवून पाहिला आहे. एकदा एक उत्तर येतं, एकदा दुसरं. मधलं मी लिहून घेत नाही.

त्यांनी चौतीसच्या कागदाला भोकं पाडली, तो फाइलला लावला, वर क्रमांक टाकला. मग खुर्चीला धरून उठले.

“विटा काढून टाकतो आता,” ते म्हणाले.

“राहू द्या,” मी म्हटलं. “असू दे खबरदारी म्हणून.”

पुढचे पाच महिने, बाळ पूर्ण दिवसांचं होऊन हातात येईपर्यंत, त्या विटा तिथेच होत्या. मला त्यांचा काही उपयोग नव्हता. उलट रात्रभर डोक्यात रक्त उतरायचं. पण रोज सकाळी सहा वाजता दार हळूच लोटून ते आत यायचे, बुडबुडा बघायला खाली वाकायचे, आणि त्यांचे गुडघे वाजायचे. मी जागी असायचे, डोळे मिटून, ऐकत.